पहिला ‘नको’ संस्काराचा

अनया, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, “आजी, आपल्या स्ट्रीटवर ते थ्री टाइम्स विचारणारे आजोबा होते ना, देअर नेम काय होतं?” ईशानलाही नाव आठवत नव्हतं, त्याला फक्त वड्या आठवत होत्या. तुम्ही कॅनडाच्या पूर्व भागातलं आपलं कनाटा सोडून व्हँकुव्हरला गेलात त्याला दोन वर्षं झाली. मी तर त्याही आधी नाशिकला परतले. माणूस विसरायला एवढा काळ पुरतो, म्हणून लिहून ठेवते. आई वाचून दाखवेल.

त्यांचं नाव मधुकर इंगोले. आपल्या रांगेतलं तिसरं घर त्यांचं, हिरव्या गॅरेजच्या दाराचं. मूळचे अमरावतीचे. तरुणपणी इंजिनिअर म्हणून कॅनडात आले, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. शर्टाच्या खिशात पेन आणि त्याच्याशेजारी एक बारीक स्क्रूड्रायव्हर. डोक्यावरची लोकरीची टोपी नोव्हेंबरात चढायची ती एप्रिल संपल्याशिवाय उतरत नसे, जेवतानासुद्धा. मराठी वऱ्हाडी आणि इंग्रजीही जवळजवळ वऱ्हाडीच. तुम्हा दोघांना ते ‘पोट्टे’ म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझ्या आईला वाटलं की रागावले आहेत. तिकडे लेकरांना प्रेमाने तसंच म्हणतात, हे मला ठाऊक होतं.

आमची ओळख माझ्या चुकीने झाली. ऑक्टोबरातली सकाळ होती. तुमची आई आणि माझा निखिल, म्हणजे तुमचा बाबा, कामावर गेले होते. हे गृहस्थ दाराशी आले, स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, निखिल म्हणून राहिला होता की आई येऊन राहिली आहे, म्हणून भेटायला आलो. मी त्यांना बसवलं आणि चहा घेणार का विचारलं. ते म्हणाले, नको. मी बरं म्हटलं आणि समोर बसले. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत झालं, नंतर बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. माणसाने जे म्हटलं तेच त्याला म्हणायचं आहे असं धरून चालायची मला सवय. तासभर आम्ही बोललो. मधूनमधून ते स्वयंपाकघराकडे पाहत होते. शेवटी उठले आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांनी माझी ओळख अशी करून दिली: “या निखिलच्या आई. नाशिकच्या. चहाचं एकदाच विचारतात.” सगळे हसले. मी मनातून रागावले होते. मग त्यांनी मला बाजूला घेऊन त्यांचा नियम सांगितला. पुढे तो मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की अजून तसाच्या तसा पाठ आहे.

“पहिला नको संस्काराचा असते, बाई. दुसरा नको पोटाचा, म्हणजे तो विचार करून राहिला आहे. तिसऱ्यांदा नको म्हणाला तर समजायचं, माणूस खरंच जेवून आला.”

हा नियम ते पाळत आणि दुसऱ्यांकडूनही पाळून घेत. त्यांच्या घरी सांबारवडी होत असे. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तर ही कोथिंबिरीची, मैद्याच्या पारीत गुंडाळून तळलेली वडी. शैलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आजारी पडल्यावर ती ते स्वतः करायला शिकले. मोजमाप इंजिनिअरचं. प्रत्येक वडी पट्टीने आखल्यासारखी सारखी. ताटात वाढताना मात्र मोजमाप नसायचं. तुम्ही पोट्टे हाताने ताट झाकायचात, तर बोटांच्या फटीतून वडी आत यायची.

त्यांच्या शेजारी डग नावाचे कॅनेडियन गृहस्थ राहत. पोस्टात होते. फार पूर्वी इंगोल्यांनी त्यांना जेवायला बोलावलं. डग पुरीला ‘नो, थँक यू’ म्हणाले, पुरी पडली. पुन्हा म्हणाले, पुन्हा पडली. त्यांची समजूत झाली की या घरात नाही म्हणणं अपमानाचं असावं, तेव्हा मुकाट्याने खाल्लेलं बरं. अकरा पुऱ्या खाऊन ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. पुढे त्यांना कोणीतरी नियम समजावला. तेव्हापासून डग टेबलाशी बसतानाच तीन बोटं वर करून ‘नो, नो, नो’ एकदम म्हणून टाकत. इंगोल्यांना ते पटायचं नाही. तिन्ही नकारांच्या मध्ये वेळ जायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीचा वरचा भाग थोडा पांढुरका होता आणि तिथे त्यांना स्पर्श कळत नसे. ईशानला तिथे टिचकी मारायला ते द्यायचे. ती गोष्ट त्यांच्या पहिल्या हिवाळ्यातली. कचेरी सुटली, बर्फ पडत होता, साहेबाने गाडीची काच खाली करून विचारलं, घरी सोडू का. इंगोले म्हणाले, नो नो, थँक यू. साहेबाने मान डोलावली, काच वर केली आणि गाडी गेली. हे साध्या बुटांत, टोपीशिवाय, बसच्या थांब्यावर पाऊण तास उभे. “मले वाटलं, पुढून वळवून आणीन तो गाडी,” असं ते सांगायचे. त्या दिवशी कान गोठला.

एवढं झाल्यावर माणूस शिकतो, आणि तेही शिकले होते. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे ते पहिल्याच झटक्यात ‘येस, प्लीज’ म्हणत. पण पुढे माझ्या लक्षात आलं की हे शिक्षण फक्त लहान गोष्टींपुरतं होतं. कॉफी, पावती, खुर्ची यांत ते पक्के कॅनेडियन. खरोखर मनापासून हवी असलेली गोष्ट समोर आली की आतून अमरावती उभी राहायची.

आता शैलाकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येतं. मी येण्याच्या वर्षभर आधी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर इंग्रजीही गेलं. चाळीस वर्षं बोललेली भाषा पुसली गेली, मराठीचे तेवढे थोडे शब्द उरले. घरी सांभाळणं अशक्य झालं, तेव्हा त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागलं. जागा मिळाली ती शहराच्या अगदी पूर्वेला, ऑर्लिअन्स नावाच्या उपनगरात. कनाटा पश्चिमेला. जायला पाऊण तास, बर्फ असेल तर किती ते सांगता येत नसे. इंगोल्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक केअर होम होतं, तिथल्या वेटिंग लिस्टवर त्यांनी नाव घातलं होतं. मुलगा सरेमध्ये, म्हणजे तुमच्या आत्ताच्या गावाजवळच, वीजकामाचा व्यवसाय करायचा. तो बाबांना तिकडे बोलवायचा, पण काकूंना एवढ्या लांब हलवणं डॉक्टरांना मान्य नव्हतं.

ऑर्लिअन्समधली माणसं चांगली होती. अडचण वेगळीच होती. जेवणाचा ट्रे समोर आला की शैलाकाकू डावा हात हलवून ‘नको’ म्हणायच्या. साठ-सत्तर वर्षं त्या पहिल्या वेळी तेच म्हणत आल्या होत्या. शब्द कळला नाही तरी हात कळायचा. तिथे रुग्णाच्या नकाराचा मान ठेवतात. ट्रे परत जायचा. चार महिन्यांत त्यांचं वजन इतकं उतरलं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी भूक मेल्याचं निदान केलं. इंगोले म्हणाले, भूक आहे, तुम्ही एकदाच विचारता.

तेव्हापासून ते रोज सकाळी दहाला डबा घेऊन निघत, दुपारचं जेवण भरवत आणि अंधार पडायच्या आत परत येत. दुपारी त्या पोटभर जेवत. ते ‘घे नं शैला’ म्हणायचे, त्या नको म्हणायच्या. तिसऱ्यांदा तोंड उघडायचं. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाला मात्र कोणी विचारणारं नव्हतं. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी माझ्याकडून एक पुठ्ठ्याचं कार्ड लिहून घेतलं, ‘प्लीज आस्क थ्री टाइम्स’, आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. एक पंजाबी नर्स ते मनापासून पाळायची. बाकीच्यांना वेळ असेल तेव्हा.

जवळच्या होममध्ये जागा मिळाली तर तिन्ही वेळा ते स्वतः विचारू शकले असते. त्या वर्षी त्यांना दुसरं काही नको होतं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी ते चारच्या सुमाराला आपल्याकडे आले. रस्ता बंद असल्यामुळे त्या दिवशी जाता आलं नव्हतं. मी वाटाणे सोलत होते. आता मी त्यांना न विचारताच चहा ठेवत असे. ते खुशीत होते. म्हणाले, सकाळी अकराला त्या जागा ठरवणाऱ्या कचेरीतून बाईचा फोन होता. जवळच्या होममध्ये एक बेड रिकामा झाला, तुम्हाला हवा का, असं विचारून राहिली होती.

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“म्हटलं, नो नो, आम्हाला एवढी काही घाई नाही. कोणाला जास्त गरज असेल तर त्यांना द्या, आम्ही करून राहिलो आहो कसंतरी.”

मी वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं. “आणि ती काय म्हणाली?”

“दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू, म्हणाली. चांगली बाई होती. आता उद्या-परवा पुन्हा करीन ती फोन.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट अर्धवट वर आलं तेव्हा त्यांना समजलं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. हातातलं बिस्किट तसंच कपात पडलं.

मी म्हटलं, कचेरी साडेचारला बंद होत असेल, आत्ता फोन करा. ते म्हणाले, आता कसा करायचा, आपण स्वतःच नको म्हटलं. मी म्हटलं, चूक झाली म्हणा. ते उठेनात. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते सहा वर्षांचे असताना आईबरोबर कोणाकडे बारशाला गेले होते. तिथल्या बाईंनी लाडू पुढे केला आणि यांनी पहिल्यांदाच हात पुढे करून घेतला. आईने सगळ्यांसमोर तो हातातून काढून परत ताटात ठेवला. घरी आल्यावर मारलं नाही, फक्त ‘हावरट’ एवढंच म्हणाली. “तेव्हापासून, बाई, पहिल्यांदा घशातून ‘हो’ निघतच नाही. मी ठरवून राहिलो होतो हो म्हणायचं. रिसीव्हर उचलला तेव्हाही ठरवून राहिलो होतो.”

मी शाळेत मुलांकडून उत्तरं पाठ करून घ्यायचे तशी त्यांच्याकडून वाक्यं म्हणवून घेतली. आय मेड अ मिस्टेक. आय वाँट द बेड. ‘वाँट’ शब्द त्यांना उद्धट वाटत होता, तिथे ते दोनदा ‘वुड लाइक’कडे घसरले. चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी फोन लावला आणि वाक्यं बरोबर म्हटली. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. बेड दुपारी बाराला दुसऱ्या कुटुंबाला गेला होता. तिला वाईट वाटलं, पण एकदा नकार दिला की नाव यादीच्या शेवटी जातं, आणि नियम तिच्या हातात नव्हता. इंगोल्यांनी तिचे आभार मानले. मग उठून आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून दिला. कोणी सांगितलं नव्हतं. निखिल घरी आला तेव्हा ते अजून तिथेच होते. डांबर दिसेपर्यंत खरवडत होते.

तो हिवाळा लांबला. त्यांनी मुलाला फोनबद्दल सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सकाळी दहाला हिरवं दार वर जायचं. मी खिडकीतून पाहायचे, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. फेब्रुवारीत एका दिवशी पाऊस पडता पडताच गोठत होता. त्यांची गाडी हायवेवरून उतरताना घसरून बर्फाच्या ढिगात गेली. गाडी ओढायला आलेल्या माणसाने विचारलं, लागलं का. ते म्हणाले, नो नो, फाइन. एका बरगडीला तडा गेला होता, ते दोन दिवसांनी कळलं. केअर होमला पोचले तेव्हा अडीच वाजले होते, ट्रे परत गेला होता. त्यांनी मला अपघाताचं फारसं सांगितलं नाही. ट्रेचं मात्र सांगितलं. काकूंनी खिडकीकडे पाहत एकदाच नको म्हटलं, असं नर्स म्हणाली. त्यानंतर तीन आठवडे डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवू दिली नाही. निखिल आणि डग आळीपाळीने त्यांना नेऊन आणत. डग जेवण होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचे. एकदा आत गेले आणि इंगोले काकूंना कसं भरवतात ते पाहून बाहेर आले. मला म्हणाले, मला त्या पुऱ्यांचं आज कळलं.

दुसरा फोन मेच्या पहिल्या आठवड्यात आला. त्या सकाळी ते निघण्याआधी आपल्याकडे होते, सिंकखालचा नळ दुरुस्त करत. अनया, तू त्यांना टॉर्च धरून देत होतीस. खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो तसाच झोपून, डोकं कपाटात असताना कानाला लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. गुड मॉर्निंग, मिस्टर इंगोले, एवढं झालं असेल, आणि कपाटातून आवाज आला:

“येस. आय वाँट. येस.”

मग पुन्हा, “येस, एनी फ्लोअर.” नंतर त्यांनी सांगितलं, बाई हसून म्हणाली होती की कोणता मजला ते मी अजून सांगितलेलंच नाही.

ते बाहेर आले तेव्हा टोपी तिरपी झाली होती आणि कपाळाला तेलकट डाग लागला होता. जमिनीवरच बसून राहिले. मी अभिनंदन केलं. ते ऐकलं की नाही कोण जाणे. जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, “फार हावरटासारखं झालं का हो, बाई?”

मी म्हटलं, झालं. छान झालं.

दहा दिवसांनी शैलाकाकूंना इकडे आणलं. मी नाशिकला परत निघाले तो सप्टेंबर होता. निघण्याआधी त्यांचा निरोप घ्यावा म्हणून दुपारी त्या होममध्ये गेले, बरोबर रव्याच्या वड्यांचा डबा होता. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. जेवण आटोपलं होतं, ट्रे रिकामा होता. शैलाकाकू खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, मान थोडी कलंडली होती, बहुधा झोप लागली असावी. गालांवर मांस आलं होतं. मागे इंगोले उभे होते, दातांत रबर धरून, काकूंची वेणी घालत. ऑर्लिअन्सच्या दिवसांत येण्याजाण्यात आणि भरवण्यात दुपार संपायची, केस नर्सच कसेतरी बांधायच्या. केस पातळ झाले होते, तिसऱ्या पेडाला पुरत नव्हते. वेणी निम्म्यापर्यंत आली की एक बाजू सुटायची.

मी दार वाजवलं नाही. डबा बाहेरच्या टेबलावर नर्सकडे दिला. वळून पाहिलं तेव्हा त्यांनी ती वेणी सोडली होती, बोटांनी केस सारखे केले होते, आणि काकूंना जाग येऊ नये अशा बेताने पुन्हा वरपासून तीन पेड पाडत होते.